ओटीतलं वजन

दिवाळीच्या आगेमागे यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पहिला वेचा येतो. राळेगाव, कळंब, मारेगाव, केळापूर, कोणत्याही तालुक्यात गेलं तरी चित्र तेच. दव वाळलं की बाया शेतात उतरतात. कमरेला फडक्याची ओटी, पाठ वाकलेली, दोन्ही हात बोंडांवर. एका बोंडातून चारेक ग्रॅम कापूस निघतो. किलोभर भरायचा तर अडीचशेच्या घरात बोंडं वेचावी लागतात. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. एकेकीचं गाठोडं टांगलं जातं, आकडा वहीत चढतो आणि त्यावर मजुरी ठरते. काटा मारला जातोय अशी नुसती शंका आली तरी बाया गप्प बसत नाहीत. गाठोडं पुन्हा टांगायला लावतात.

यातल्याच एखादीला दिवस गेलेले असतात. महिन्यातून एकदा तिला दुसऱ्या काट्यावर उभं राहावं लागतं. अंगणवाडीत आरोग्य आणि पोषण दिवस असतो, नर्सबाई येतात, वजन करतात, माता-बाल संरक्षण कार्डावर लिहितात. समजा आकडा आला बेचाळीस. तो मोठ्याने वाचला जातो. रांगेतून कुणीतरी म्हणतं, "काही खातबित नाही का वं?" दोघी-तिघी हसतात. ती उतरते, चप्पल पायात सरकवते आणि चालू लागते. कापसाच्या काट्याशी भांडणारी बाई या काट्यापाशी मान खाली घालते. तिथे टांगलेला माल परक्याचा होता. इथे ती स्वतः उभी आहे, आणि आकडा तिला आपल्यावरचा शेरा वाटतो.

हे प्रकरण त्या शेऱ्याबद्दल आहे. गर्भारपणात वजन करणं ही जवळजवळ फुकटात होणारी आणि वेळप्रसंगी दोन जीव वाचवणारी तपासणी आहे. पण वजनावरून बाईला टाकून बोलायची सवय घरात, गल्लीत आणि दवाखान्यातही इतकी रुळली आहे की कित्येक जणी त्या तपासणीपासूनच लांब राहतात, नाहीतर धसका घेऊन नको ते करून बसतात. वजनाचे धोके खरे आहेत. वजनावरून केलेल्या अपमानाचे धोकेही खरे आहेत, फक्त त्यांच्यासाठी कार्डावर रकाना नाही.

मराठीत अंगाला नावं ठेवायला शब्द कमी पडत नाहीत. बारीक बाई काडी, हाडकुळी, मरतुकडी. जाड बाई ढोली, सुटलेली. कौतुकाचे शब्दही वजनाचेच. 'तब्येत सुधारली', 'अंगाने भरली', 'खात्यापित्या घरची दिसते'. बाळ जन्मलं की मुलगा की मुलगी याच्या पाठोपाठ 'किती किलोचं?' हा प्रश्न येतो. सव्वादोन सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो पडलेला चेहरा बाळंतीण बघत असते. वर आपल्या भाषेत वजन म्हणजे पत. शब्दाला वजन असतं, घराण्याला वजन असतं. इतके अर्थ चिकटलेला शब्द काट्यावर उभ्या असलेल्या बाईला नुसता किलोत ऐकू येत नाही.

आधी बारीक बाईचं पाहू, कारण यवतमाळच्या ग्रामीण भागात, विशेषतः कोलामांच्या पोडांवर आणि गोंड, परधान, बंजारा वस्त्यांवर, तिचीच गाठ जास्त पडते. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. पण बारीक, रक्त कमी असलेली गर्भवती फक्त पोडावर असते असं समजायचं कारण नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने कमी आढळलं, सुमारे २३ टक्के स्त्रियांचं जास्त, आणि रक्तक्षय तब्बल ५४ टक्के स्त्रियांना. हे आकडे एकत्र वाचायला हवेत. एकाच राज्यात काटा दोन्हीकडे झुकलेला आहे, आणि रक्त कमी असलेल्या स्त्रिया निम्म्याहून जास्त, म्हणजे त्या दोन्हीकडे असणार.

दिवस गेले की बाईला दोन उलटे सल्ले मिळतात. एक, 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.' दुसरा हलक्या आवाजात, बहुधा सासू किंवा मोठी जाऊ देते: "लय खाऊ नको वं, लेकरू मोठं होईन, मंग पोट चिरा लागन." हा दुसरा सल्ला देशाच्या कितीतरी भागांत आढळतो. त्याला अडाणीपणा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. ज्या काळात मुलीचं लग्न वाढ पुरी व्हायच्या आत व्हायचं, कंबर अरुंद राहायची आणि शस्त्रक्रियेची सोय कोसोकोस नसायची, त्या काळात अडलेली बाळंतीण म्हणजे दोन प्रेतं. बाळ लहान राहिलं तर सुटका होईल, हा हिशेब भीतीतून आलेला होता आणि ती भीती खोटी नव्हती.

हिशेब मात्र चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे बघण्यासारखं आहे. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडू लागलं की त्याचं शरीर काटकसर करतं. रक्त आधी मेंदूकडे वळवलं जातं. यकृत, स्नायू, पोटातले अवयव यांच्या वाट्याला कमी येतं, डोक्याची वाढ शक्य तोवर राखली जाते. बाळंतपणात वाट अडते ती मुख्यतः डोक्यामुळे. म्हणजे आईने उपाशी राहून जे वाचवायचं ठरवलं ते वाचतच नाही. डोकं त्यातल्या त्यात मोठंच राहतं आणि बाकी बाळ वाळतं. त्यात आईचं रक्त आणि ताकद घटते ती वेगळीच.

मग वाढलेलं वजन जातं कुठे? गर्भारपणात नऊ ते अकरा किलो वजन वाढावं असं आपल्याकडे आरोग्यसेविकांना शिकवलं जातं. त्यातलं बाळ तीनच किलोच्या आसपास. वार अर्ध्या-पाऊण किलोची, गर्भजल किलोभर, गर्भाशय स्वतः किलोभर वाढतं, स्तन अर्धा किलो, वाढलेलं रक्त सव्वा-दीड किलो, शरीरात साठलेलं पाणी तेवढंच किंवा थोडं जास्त. उरलेली चरबी आई पुढच्या दुधासाठी बांधून ठेवते. बाळंतपणाची शिदोरी म्हणा ना. तिसऱ्या महिन्यानंतर महिन्याला साधारण दोन किलो वाढ चांगली मानतात. एका महिन्यात तीन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर नर्सबाईंनी सावध व्हायचं असतं, कारण ती अंगात साठणाऱ्या पाण्याची, म्हणजे वाढत्या रक्तदाबाची खूण असू शकते. जुळं किंवा मधुमेहही असू शकतो. आता हे सारं ज्या बाईला कुणी सांगितलं नाही तिला पाच किलो वाढणं आणि अकरा किलो वाढणं यात फरक कळावा तरी कसा?

डायान कॉफी या संशोधिकेने २०१५ मध्ये भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेची तुलना केली होती. २००५च्या सुमाराच्या पाहणीवरून तिने अंदाज बांधला की भारतात गर्भारपणाच्या सुरुवातीलाच ४२ टक्के स्त्रियांचं वजन कमी असतं. आफ्रिकेतल्या त्या देशांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं. गर्भारपणात भारतीय स्त्रीचं वजन वाढतं ते सात किलोंच्या जवळपास. आफ्रिकेतले ते देश आपल्यापेक्षा गरीब, तरीही असं का? कॉफीचं उत्तर घराच्या आत जातं: नुकती लग्न होऊन आलेली सून घरात सगळ्यांत खालच्या पायरीवर असते, आणि मूल होण्याचं वयही नेमकं तेच. सगळ्यांचं आटोपल्यावर भांड्यात उरेल ते जेवायचं. कर्जाने वाकलेल्या कोरडवाहू घरात भांड्यात काय उरतं ते यवतमाळला वेगळं सांगावं लागत नाही.

कमी वजनाचा धोका बाळंतपणाच्या टेबलावर फार निर्दयपणे दिसतो. माणसाच्या अंगात किलोमागे पासष्ट मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. साठ किलोच्या बाईत जवळजवळ चार लिटर, बेचाळीस किलोच्या बाईत पावणेतीन. गर्भारपणात ते वाढतं, पण बारीक बाईत वाढही कमी. बाळंतपणानंतर अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. तोच अर्धा लिटर एकीला थकवा देतो आणि दुसरीला, त्यातून हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर, मृत्यूच्या दारात नेतो. पोडावरून निघालेली गाडी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत जो वेळ जातो, तो वेळ या बाईकडे नसतो. म्हणून तिचं वजन आणि तिचं रक्त सातव्या महिन्यात माहीत असायला हवं, बाळंतपणाच्या कळा लागल्यावर नव्हे.

आणि नेमकी हीच बाई 'मरतुकडी' या शब्दामुळे निसटते. थकवा येतो म्हणाली की, 'तू आहेसच तशी, तुझी आईही तशीच.' अंगकाठीचा दोष म्हणून सगळं खपून जातं. विदर्भात सिकलसेलचा आजार आहे, आदिवासी समाजांत आणि इतरही काही जातींत. त्यात वजन भरत नाही, सांधे दुखतात, दम लागतो. क्षयात वजन उतरतं. थायरॉइडमध्ये उतरतं. बारीक असणं हा स्वभाव मानला की यातलं काही शोधलंच जात नाही. हिणवण्याने मन दुखतं हे सगळे मान्य करतील. त्याने निदान चुकतं हे फारसं कुणी बोलत नाही.

आता पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जाऊ. १९९३ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या तरुण बायांची उंची, वजन, खाणं, काम सगळं गर्भारपणाआधीपासून नोंदवायचं आणि मग बाळांना वर्षानुवर्षं बघत राहायचं. या आया सरासरी १५२ सेंटिमीटर उंचीच्या आणि ४२ किलो वजनाच्या होत्या. मघाशी काट्यावर उभी केलेली बाई मी तिथूनच उचलली आहे. बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. इथवर नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळं सगळीकडून सारखी लहान नव्हती. पोटातले अवयव आणि स्नायू फार कमी, पण कातडीखालची चरबी बरीचशी शाबूत. 'बारीक पण चरबीदार' असं हे बाळ. दिसायला हडकुळं, आत मधुमेहाकडे झुकलेलं. अशी मुलगी मोठी होते, तिचं पोट थोडं सुटतं, तिला दिवस जातात आणि साखर वाढते. तिच्या पोटातलं बाळ पुन्हा त्याच फेऱ्यात.

त्याच अभ्यासातली दोन निरीक्षणं मला यवतमाळसाठी सर्वांत कामाची वाटतात. बाळाच्या आकाराचा संबंध आईच्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी तितकासा आढळला नाही. जास्त आढळला तो पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. आणि ज्या आयांना शेतातलं, पाणी वाहायचं जड काम जास्त, त्यांची बाळं लहान. म्हणजे 'दोघांचं खा' हा सल्लाही अपुराच. दोघांचा भात खाऊन भागत नाही. अंबाडी, तरोटा, घोळ, चवळाई या रानच्या-बांधाच्या भाज्या इथल्या आजीला नावानिशी ठाऊक आहेत. त्या ताटात आल्या पाहिजेत, आणि वेचणीतून काही दिवस सुटका मिळाली पाहिजे. ज्वारी-तुरीच्या जागी सगळीकडे कापूस आणि सोयाबीन आलं की घरात पैसा येतो, निदान चांगल्या साली. पण ताटातलं बरंच काही मग दुकानातून आणावं लागतं.

डॉ. याज्ञिकांची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. तो मांडला बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने, १८३२ च्या सुमारास; एका माणसाची तब्येत ओळखण्यासाठी नाही, तर लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं आणि मग तो दवाखान्यात शिरला. तो निरुपयोगी नाही. पण तो चरबी कुठे आहे ते सांगत नाही, रक्त किती आहे ते सांगत नाही, आणि बाई कशी आहे ते तर मुळीच सांगत नाही. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने आपल्यासाठी सीमा खाली आणली: २३ च्या वर जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. त्या हिशेबाने १५२ सेंटिमीटरची आणि ५८ किलोची बाई लठ्ठ ठरते. गावात तिला कुणी जाड म्हणणार नाही. उलट खात्यापित्या घरची म्हणतील. म्हणून सरकारी नियम असा आहे की गर्भवती दिसायला कशीही असो, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची, पहिल्या भेटीत आणि मग पुन्हा सहा-सात महिन्यांच्या सुमारास. १४० किंवा वर आली की गर्भारपणातला मधुमेह. हा नियम मला फार आवडतो, कारण त्यात कुणाच्या अंगाकडे बघून ठरवायचं काही नाही.

यवतमाळ शहर, पुसद, वणी, दारव्हा इथे काट्याचं दुसरं टोक जास्त दिसतं. वजन खूप जास्त असेल तर गर्भारपणात मधुमेह, रक्तदाब, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, बाळ मोठं होऊन खांद्याशी अडकणं, सिझर आणि त्याची जखम चिघळणं, पोटात बाळ दगावणं या सगळ्यांची शक्यता वाढते. हे लपवून कुणाचं भलं होत नाही. पण शक्यता वाढते याचा अर्थ प्रत्येकीला ते होणारच असा नाही. जास्त वजनाच्या पुष्कळ स्त्रियांची बाळंतपणं सुखरूप होतात, नीट लक्ष ठेवलं तर आणखी होतील.

नीट लक्ष ठेवण्याच्या आड येतं ते बोलणं. "एवढी सुटलीस, आता कसं व्हायचं", "आधी जिभेला आवर घाल". हे नातेवाईक म्हणतात, आणि कधी कधी पांढरा कोट घातलेलं माणूसही म्हणतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या अँजेलिना सुटिन आणि अँटोनियो टेराचियानो यांनी अमेरिकेतल्या हजारो प्रौढांच्या नोंदी चार वर्षांच्या अंतराने तपासल्या. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. २०१५ मध्ये त्यांनीच दाखवलं की असा भेदभाव सोसणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता, आणि तो फरक नुसत्या वजनाने समजावता येत नव्हता. लाज दिली की माणूस सुधारतो, हा आपला लाडका समज इथे कोसळतो. अपमानाने ताणाची संप्रेरकं वाढतात, झोप उडते, माणूस चोरून खातो, व्यायामाला बाहेर पडायला लाजतो आणि डॉक्टरची पायरी टाळतो. गर्भवतींवरच्या अभ्यासांतही हाच धागा दिसतो: वजनावरून हिणवलेल्या स्त्रियांत बाळंतपणानंतरचं नैराश्य जास्त. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात जास्त वजनाच्या स्त्रियांनी प्रसूतीच्या काळात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचं जास्त प्रमाणात नोंदवलं, आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांनाही अशा कल्पित रुग्णेबद्दल कमी आपुलकी वाटत होती.

निदान इथेही चुकतं, फक्त उलट्या बाजूने. जाड बाईला दम लागला की 'वजन कमी कर'. तो दम रक्तक्षयाचा असू शकतो, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपेचा असू शकतो. पाय सुजले की 'वजनामुळे'. ती सूज रक्तदाबाची असू शकते. एकच पाय सुजून दुखत असेल तर गुठळीची. रक्तदाबाच्या पट्ट्याचं उदाहरण तर मला विसरता येत नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर दाब खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. दंड काडीसारखा आणि पट्टा मोठा असेल तर खऱ्यापेक्षा कमी. म्हणजे एकाच पट्ट्याने पुसदची जाड बाई नसलेल्या दाबासाठी गोळ्या खाईल आणि झरी-जामणीची बारीक बाई असलेला दाब घेऊन घरी जाईल. उपाय साधा आहे: दोन-तीन मापांचे पट्टे. बाईचं अंग चुकीचं नसतं, पट्टा चुकीचा असतो.

बाळंतपण झालं की हे संपतं असं नाही. बारीक बाळंतिणीला पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं, "तुह्या अंगात रगत नाही, दूध कुठून येईन?" आणि दुसऱ्या दिवशी बाटली येते. हे साफ चुकीचं आहे. बऱ्यापैकी कुपोषित आईलाही बाळाला पुरेल इतकं दूध येतं. निसर्ग आईच्या अंगातून काढून बाळाला देतो, म्हणून खायला आईला द्यायचं असतं, बाळाला वरचं नाही. बाळाने जितकं ओढावं तितकं दूध वाढतं, आणि बाटली आली की ओढणं कमी होतं, मग दूध खरंच आटतं आणि बोलणारी बाई खरी ठरते. जास्त वजनाच्या आईला दूध उतरायला एखादा दिवस उशीर लागू शकतो. तिथेही बाळ वारंवार छातीशी लावणं आणि धीर देणं हेच औषध. घाई टोमण्याला असते, दुधाला नाही. सव्वादोन किलोच्या बाळाला तर आईच्या छातीची ऊब आणि तिचं दूध यांची सगळ्यांत जास्त गरज. नेमकं तेच त्या आईला 'काय हे उंदराएवढं' म्हणून ऐकवलं जातं.

आपल्याकडे ओटी हा शब्द कापसाच्या फडक्यालाही आहे, सातव्या महिन्यात नारळ-तांदळाने भरायच्या पदरालाही आणि गर्भ राहतो त्या ओटीपोटालाही. तिन्ही ठिकाणी भरणं अपेक्षित आहे. पहिली ओटी भरावी म्हणून मालक बघतो, दुसरी भरायला गाव जमतं. तिसरीकडे कोण बघतं?

काही गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या अनुसूचित भागातल्या अंगणवाड्यांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं, चौरस जेवण मिळतं. ते घरी न्यायचं नसून तिथेच बसून खायचं, ही त्यातली शहाणपणाची बाजू, कारण घरी नेलं की ते सगळ्यांत वाटलं जातं. लोहाच्या गोळ्या मिळतात. वजनाचा काटा आहे. तो काटा चांगला कसा वापरायचा यावर मात्र कुणी प्रशिक्षणाचा एक तासही घालवत नसेल तर घालवावा. आकडा मोठ्याने पुकारू नये. तिला एकटीला, कार्ड तिच्या हातात देऊन दाखवावा. शेजारणीच्या आकड्याशी नव्हे, तिच्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडावा. 'खात का नाहीस?' याऐवजी 'काल घरात शेवटी कोण जेवलं?' असं विचारावं. उत्तर बहुधा तेच येईल, आणि त्यानंतर बोलायचं कुणाशी हेही कळेल. आशाताई बहुतेक वेळा त्याच गावची सून असते. तिला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून कार्ड वाचून दाखवायचं काम तिच्याइतकं चांगलं कुणी करणार नाही.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, पोडावर कुणी दोन जिवांची असेल तर तिच्या अंगावर बोलू नका, कौतुकानेसुद्धा नको. तिचं हिमोग्लोबिन किती आलं, साखर तपासली का, दाब कोणत्या दिवशी पाहिला, एवढं विचारा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी डॉक्टरांकडून मोफत होते. कापसाच्या सीझनमध्ये ९ तारखेला दवाखान्यात गेलेल्या बाईची त्या दिवसाची वेचणी बुडते. ती एक वेचणी घराने सोसावी, आणि तिच्यासोबत कुणीतरी जावं.